तुटलेल्यांना नंबर नाही

त्या खोलीला दोन दारं होती आणि ती दोन्ही एकाच वेळी कधी उघडत नसत. बाहेरचं दार ओढून आत यायचं, ते आपल्यामागे पूर्ण मिटेपर्यंत कपाटाएवढ्या जागेत उभं राहायचं, भिंतीवरचा लाल दिवा विझून हिरवा लागला की मग आतलं दार ढकलायचं. आत बारा महिने तेवीस अंश, हवेत निम्मी ओल, ना खिडकी, ना वारा. कागदाला हवा सोसत नाही. पावसाळी दिवशी तो सैलावतो, कोरड्या दिवशी आखडतो, आणि मग त्याचं मोजमाप खोटं ठरतं. म्हणून त्याच्यासाठी ऋतूच बंद करून टाकलेले. माणसासाठी एवढं कोणी करत नाही.

या खोलीत एकोणीस वर्षं एकच माणूस बसत होता. कागदावर संशोधन करणाऱ्या त्या संस्थेत त्याला सगळे खिळा म्हणत. हे नाव त्याच्या आधीच्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाने ठेवलेलं. पहिल्याच आठवड्यात नव्या माणसाला भिंगावर डोळा लावून तीन तास न हलता बसलेलं पाहून तो म्हणाला होता, हा माणूस नव्हे, खिळा आहे. ठोकला की ठोकला. नाव चिकटलं. पुढे खिळ्यालाही ते आवडू लागलं. देवाने प्रत्येकाला काही ना काही देऊन पाठवलेलं असतं. कोणाला गळा, कोणाला बुद्धी, आपल्याला न हलणारे हात दिले, असं तो मनाशी म्हणे आणि रोज सकाळी चिमटा उचलण्याआधी क्षणभर डोळे मिटून त्याचं नाव घेई.

कागदात डिंक नसतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. लगद्यात केसाहून बारीक तंतू पाण्यात पोहत असतात. पाणी आटत गेलं की ते एकमेकांवर आडवेतिडवे पडतात आणि तसेच धरून बसतात. पाणी जाता जाता एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देऊन जातं, एवढंच. वर्तमानपत्र काय, बिस्किटाचा पुडा काय, कोर्टाचा निकाल काय, सगळा डोलारा त्या हात धरण्यावर उभा. तो हात किती घट्ट धरलाय आणि किती ओढलं की सुटतो, हे मोजणं म्हणजे खिळ्याची नोकरी.

लगद्याचा थेंब गुळगुळीत चकतीवर सोडायचा, वर दुसरी चकती दाबून भट्टीत सुकवायचा. दुसऱ्या दिवशी चकती उघडून भिंगाखाली शोधायचं, कुठे दोन तंतू बरोबर फुलीसारखे एकमेकांवर पडलेत का. जेमतेम तीन मिलिमीटरची ती फुली चिमट्याने उचलायची, मधे फट असलेल्या छोट्या चौकटीवर अलगद ठेवायची, चारही टोकांना नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. हो, नेलपॉलिशच. मोठमोठे गोंद वापरून पाहिले, पण बाजारातल्या गुलाबी नेलपॉलिशइतकं शहाण्यासारखं कोणीच वाळलं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोला त्याच्या खिशात ती बाटली सापडली आणि घरात दोन दिवस अबोला झाला. शेवटी त्याने तिला खोलीत आणून भिंगाखाली फुली दाखवली. तिने ती बघितली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाली, म्हणजे त्यांची नखं रंगतात, माझी नाही.

वाळलेली चौकट यंत्रात लावायची. यंत्र एका तंतूला धरून दुसऱ्याला ओढत जातं, जोड सुटतो, पडद्यावर आकडा येतो. साडेपाच मिलिन्यूटन, सहा, कधी सात. कागदाला लावायची क्लिप असते ना, तिच्या निम्म्या वजनाएवढा जोर. मग तो आकडा वहीत चढवायचा.

त्या वहीचा एक नियम होता, तोही म्हाताऱ्याने घालून दिलेला. फुली यंत्रावर चढली तरच तिला नंबर. उचलताना तुटली, ठेवताना तुटली, नेलपॉलिश लावताना तुटली, तर ती फुली झालीच नाही असं समजायचं आणि पुढची घ्यायची. तुटलेल्यांना नंबर नाही. एकोणीस वर्षांत या नियमात काही चुकीचं आहे असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. विसांतल्या चार-पाच वाटेत तुटायच्याच. हातातून निसटलेल्या गोष्टींची कोण नोंद ठेवतो?

दोन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी खिळ्याने चिमटा फुलीजवळ नेला आणि भिंगात त्याला चिमट्याचं टोक हलताना दिसलं. त्याला वाटलं, यंत्र थरथरतंय. त्याने यंत्र बंद केलं. टोक हलतच राहिलं. मग त्याला वाटलं, हवा सोडणारा पंखा असेल. पंखा थांबवला. मग तो खुर्चीत मागे टेकून बसला आणि आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. हात मांडीवर शांत पडला होता, काही झालंच नाही असा.

हा हात त्याच्या ओळखीचा होता. घरी त्याच्या वडिलांना असेच दोन होते.

त्या दिवसापासून खोलीचा पिंजरा झाला. विसांतल्या पाच तुटायच्या त्या आठ तुटू लागल्या, मग अकरा, या हिवाळ्यात तेरा. तो सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसू लागला, म्हणजे रोजचे आकडे भरतील एवढ्या फुल्या पदरात पडाव्यात. श्वास रोखून धरायचा, मनगट टेबलाच्या कडेला दाबायचं, कोपराखाली घडी केलेला टॉवेल घ्यायचा. कोणी आलं की हात खिशात. आकडे रोज भरत होते. वही बघून कोणालाही वाटावं, खिळा अजून ठोकलेलाच आहे.

आणि इथेच गंमत झाली, जर तिला गंमत म्हणायचं असेल तर. थरथरत्या हातात तुटतं कोण? जो जोड आधीच दुबळा आहे तो. जो घट्ट आहे तो धक्के सोसून यंत्रापर्यंत पोचतो. म्हणजे हात जसजसा बिघडत गेला, तसतसे यंत्रावर फक्त पैलवान चढू लागले. सरासरी पाच पूर्णांक आठ होती, ती सहा पूर्णांक तीन झाली, यंदा सहा पूर्णांक नऊ. त्याच सुमारास लगदा पुरवणाऱ्या गिरणीने लगदा कुटण्याची नवी पद्धत आणली होती. सगळ्यांनी सरासरी बघितली, पद्धत बघितली, दोन आणि दोन चार केले. गिरणीच्या लोकांनी संस्थेत येऊन हात मिळवले. खिळ्याशीही मिळवायला एकाने हात पुढे केला, तेव्हा खिळ्याने आपले खिशातच ठेवून मान लववली. तो माणूस नंतर म्हणाला म्हणे, किती नम्र गृहस्थ.

खिळ्याला हे सगळं कळत होतं. रोज कळत होतं. पण सांगायचं म्हणजे हात दाखवायचा, आणि हात दाखवला की ती खुर्ची गेली. त्या खुर्चीवाचून त्याला दुसरं काही येत नव्हतं.

त्या सोमवारी गणितवाल्या मॅडम दोन्ही दारं पार करून आत आल्या. मॅडम कागदाला कधी हात लावत नसत. त्या संगणकात कागद बनवत. लाखो तंतू एकमेकांवर पाडायचे, प्रत्येक जोडाला खिळ्याच्या वहीतल्यासारखी ताकद वाटून द्यायची, मग तो संगणकातला कागद ओढून फाडायचा आणि खरा कागद कसा फाटेल ते सांगायचं. वयाने खिळ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, पेन्सिल चावायची सवय, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या कानाकडे बघायची खोड. त्यांचं गणित पूर्ण होत आलं होतं. त्याच्यावरून गिरणी चुन्याच्या भुकटीची पिशवी तीन थरांऐवजी दोन थरांची करणार होती. गुरुवारी कागदावर तिघांच्या सह्या व्हायच्या होत्या: संस्थेच्या साहेबांची, मॅडमची आणि मोजणाऱ्याची.

मॅडमनी एक चित्र टेबलावर ठेवलं. आकड्यांचा डोंगर होता. मधे उंच, उजवीकडे हळूहळू उतरत गेलेला. डावीकडे मात्र सुरीने कापल्यासारखा सरळ कडा.

"दादा," त्या त्याच्या कानाला म्हणाल्या, "तुमच्याकडे दुबळे जन्मालाच येत नाहीत का हो?"

खिळ्याने चित्राकडे बघितलं. एकोणीस वर्षांत त्याने आपल्या आकड्यांचं चित्र कधी बघितलं नव्हतं. तो कडा म्हणजे आपलाच हात आहे, हे त्याला पहिल्या नजरेत कळलं.

"लगदा चांगला आहे," तो म्हणाला.

मॅडमनी पेन्सिल चावली. म्हणाल्या, असेल. पण देवाने माणसं करताना जशी सगळी मिसळून केली, तसे जोडही मिसळलेलेच असणार ना. थोडे घट्ट, थोडे असे-तसे, थोडे नुसते नावाला. पिशवी फाटते ती नेमकी त्या नावाच्यांपाशी फाटते. ते मला दिसेनात म्हणून विचारलं. मग जाता जाता भट्टीशेजारी भिंतीला टांगलेल्या वहीकडे बोट करून त्यांनी विचारलं, ती कसली वही.

ती भट्टीची वही होती. किती चकत्या आत गेल्या, प्रत्येकीवर किती फुल्या दिसल्या, वजन किती, वेळ किती. ती कोणी वाचत नसे, पण खिळा ती इमानाने भरत असे, कारण भरायची असते. एका वहीत दर वीस फुल्या आत, तर दुसऱ्या वहीत सातच बाहेर. दोन वह्या कोणी शेजारी ठेवल्या की झालं.

"ती? चकत्या धुवायची," खिळा म्हणाला.

हे त्याचं त्या दिवसातलं दुसरं खोटं. मॅडम गेल्या. बाहेरचं दार मिटल्याचा आवाज आला, आणि खिळ्याला वाटलं, आता ते कधी उघडणारच नाही.

घर म्हणजे दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर, समोर शाळेचं पटांगण. संध्याकाळी तो पोचला तेव्हा पोरं अजून चेंडूमागे धावत होती आणि वडील खिडकीशी बसून ते बघत होते, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात. मुलगा शिकवणीला गेलेला. ते घड्याळं दुरुस्त करायचे. शहरातल्या जुन्या दुकानात तिसऱ्या टेबलाचे ते मालकच म्हणायचे. हात खिशात असले की कोणी हातात काही देत नाही, ही युक्ती त्यांनी कितीतरी वर्षांपूर्वी शोधून काढली होती.

या घरात चहाचे सगळे कप कधी पूर्ण भरत नसत. वडिलांचा कप अर्धाच ओतायचा, म्हणजे ओठांपर्यंत जाताना सांडत नाही, आणि संपला की पुन्हा अर्धा. यावर वडिलांचा एक ठरलेला विनोद होता: लोकांना एकदा मिळतो, मला दोनदा. सून आली तेव्हा तिला हे कोणी सांगितलं नाही. तिने पहिल्या दिवशी भरून ओतला, सांडलेला पुसला, आणि दुसऱ्या दिवसापासून अर्धा ओतू लागली. ती अशीच होती. बघायची आणि करायची. मधलं बोलणं गाळायची.

तिने कप आणून ठेवले. खिळा सही, गुरुवार, कडा यांत बुडालेला होता. त्याने हात पुढे केला आणि थांबला. त्याचा कप अर्धाच होता.

त्याने बायकोच्या कपाकडे बघितलं. तिचा भरलेला. वडिलांचा अर्धा. त्याचा अर्धा.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"अहो, थंडी सुरू झाली तेव्हापासून," ती म्हणाली. "मागची नव्हे. त्याच्या आधीची."

म्हणजे दोन वर्षं तो अर्धा चहा पीत होता आणि त्याला पत्ता नव्हता. सगळ्या जगापासून लपवलं असं ज्याला वाटत होतं, त्याच्या घरात रोज दोन वेळा ते कपात मोजून ओतलं जात होतं. त्याला हसूही येईना आणि रडूही. वडील खिडकीकडून वळले होते. ते दोन अर्ध्या कपांकडे बघत होते. खाली पटांगणात कोणीतरी गोल केला असावा, कारण आरडाओरडा झाला.

मग वडिलांनी उजवा हात खिशातून काढला आणि मांडीवर ठेवला.

"काय सांगतोस त्यांना?" त्यांनी विचारलं.

"कोणाला?"

"तिथल्यांना. मी स्प्रिंगांना नावं ठेवायचो. नव्या स्प्रिंगा वाईट आहेत, पूर्वीसारखा माल राहिला नाही. दोन वर्षं म्हणत होतो. दुकानदाराने स्प्रिंगा देणारा बदलला माझ्यामुळे. तू काय म्हणतोस?"

खिळा खाली बघून म्हणाला, "लगदा चांगला आहे, म्हणतो."

वडिलांना आधी कळेना. मग त्याने सगळं सांगितलं. फुल्या, नंबर, डोंगर, कडा, पिशवीचा तिसरा थर. वडील ऐकत गेले आणि ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र झालं. ते हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत.

"म्हणजे तुझं माझ्याहून बरं की रे," ते म्हणाले. "मला निदान घड्याळं परत यायची. तुला शाबासक्या मिळतायत."

सून तोंडावर पदर धरून आत गेली. खिळ्यालाही हसू फुटलं.

वडिलांनी कप उचलला. तो हिंदकळत ओठांपर्यंत गेला. घोट घेऊन त्यांनी तो खाली ठेवला आणि मग म्हणाले, बशीशी बोलल्यासारखे, "हात गेल्याचं मला काही वाटत नाही. देवाने दिले होते, त्याने परत मागितले. पण मी खिशात चौदा वर्षं काढली. तुझा मुलगा लहान असताना मी त्याला कधी उचलून घेतलं नाही. पडेल म्हणून नव्हे. दिसेल म्हणून."

त्यानंतर त्यांनी विषय बदलला. चेंडू खेळणाऱ्यांत एक डावखुरा फार हुशार आहे, असं काहीतरी म्हणाले.

मंगळवार आणि बुधवार खिळ्याने नेहमीसारखेच काढले. मोठा निश्चय वगैरे काही झाला नाही. उलट त्याने एकदा भट्टीच्या वहीची मागची पानं फाडायची म्हणून धरलीही; पण पान फाडताना त्याला ती किर्र आवाजाची सुरुवात ऐकू आली. शेकडो जोड एकामागून एक सुटतात तेव्हा असा आवाज येतो, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? बोटभर फाटलेलं पान तसंच ठेवून त्याने वही पुन्हा टांगली. बुधवारी संध्याकाळी गिरणीचा एक ट्रक मागच्या फाटकाशी नमुन्याच्या पिशव्या उतरवत होता. हमाल पिशवी खांद्यावर घेताना मान वाकडी करून गाल तिला टेकवत होता, मूल घेतल्यासारखा. डोळे पिशवीपासून चार बोटांवर. चुना डोळ्यांत गेला तर काय होतं, हे संस्थेतल्या शिपायालाही माहीत होतं.

गुरुवारी सकाळी खिळा दोन दारांच्या मधे उभा राहिला. मागचं मिटलं होतं, पुढचं अजून उघडायचं होतं, दिवा लाल. एरवी त्या आठ-दहा सेकंदांतही तो नाव घेत असे. त्या दिवशी त्याने देवाला फक्त एवढंच म्हटलं, की मला बोलता येत नाही, तू असं कर की मला बोलावं लागू नये. दिवा हिरवा झाला.

आत मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या, सहीचा कागद घेऊन. खिळ्याने भिंतीवरची वही काढली, आपली वही काढली, आणि दोन्ही त्यांच्यासमोर शेजारी उघडून ठेवल्या. मागच्या आठवड्याचं पान.

मॅडम वाचू लागल्या. पेन्सिल तोंडात गेली. बोट एका वहीवरून दुसऱ्या वहीवर गेलं, परत आलं, पुन्हा गेलं.

"वीस आत जातात," त्या म्हणाल्या, "सात बाहेर येतात. मधले तेरा कुठे जातात, दादा?"

खिळ्याने भिंगाला जोडलेला पडदा सुरू केला, चकती ठेवली, चिमटा उचलला, आणि टॉवेल न घेता, मनगट न टेकवता, हात फुलीवर नेला.

पडद्यावर सगळं शंभर पटींनी मोठं दिसतं. चिमट्याची दोन टोकं म्हणजे ओंडके. आणि ते ओंडके वादळात सापडल्यासारखे डोलत होते. मधे ती फुली, दोन नाजूक तंतू, एकमेकांना धरून. ओंडका एकदा जवळून गेला, दुसऱ्यांदा लागला. फुली सुटली. एक तंतू इकडे, एक तिकडे.

मॅडम पहिल्यांदाच त्याच्या कानाकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "किती जोर लागतो?"

त्याला प्रश्न कळला नाही. त्याला वाटलं होतं, विचारतील कधीपासून, विचारतील का लपवलंत. मॅडमनी समजावलं. त्यांचा आवाजही थोडा कापत होता, पण तो गणिताच्या आनंदाने की दुसऱ्या कशाने, ते सांगता येत नाही. तुटले म्हणजे गेले नाहीत, त्या म्हणाल्या. तुटले हीच त्यांची मोजदाद आहे. तुमचा हात किती जोराचा धक्का देतो ते कळलं, आणि किती तुटले ते या वहीत आहेच, तर तेरा जणांची ताकद किती होती त्याचा अंदाज मला बसवता येईल. फक्त हात मोजावा लागेल.

आणि मग एकोणीस वर्षं ज्या यंत्रावर त्याने दुसऱ्यांना चढवलं, त्या यंत्रासमोर खिळा स्वतः बसला. मॅडमनी चिमट्याचं टोक यंत्राच्या हुकाला धाग्याने बांधलं आणि म्हणाल्या, रोजच्यासारखं उचला. पडद्यावर रेघ उमटू लागली. वर, खाली, वर, खाली. थांबवावीशी वाटली तरी थांबेना. आपलं सगळं लपवलेलं असं हिरव्या रेघेत उभं राहिलेलं बघताना त्याला लाज वाटायला हवी होती. ती वाटलीही. पण तिच्याखाली दुसरंही काही होतं. पाय मुडपून खूप वेळ बसल्यावर उठताना जशा मुंग्या येतात, तसं. साडेचार मिलिन्यूटन, कधी पाच.

दुपारी साहेबांच्या खोलीत तिघं बसली. साहेब वाईट माणूस नव्हते, पण गिरणीला त्यांनी तारीख देऊन ठेवली होती, आणि तारीख दिलेल्या माणसाची मान जशी ताठते तशी त्यांची ताठली होती. मॅडमनी नवा डोंगर दाखवला. डावीकडचा कडा गेला होता. तिथे आता लांबच लांब उतार होता, दुबळ्या जोडांचा. सरासरी पाच पूर्णांक एक. म्हणजे वहीत पहिल्यापासून होती त्याहूनही कमी, कारण चांगल्या हातातही थोडे तुटतच होते आणि त्यांनाही कोणी मोजलं नव्हतं. लगदा कुटण्याच्या नव्या पद्धतीने काही झालेलं नव्हतं. दोन थरांची पिशवी टिकणार नव्हती.

साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं."

"हो," खिळा म्हणाला.

शेवटी जे ठरलं ते असं: पिशवी तीन थरांचीच राहील. या हाताचे दोन वर्षांचे आकडे वाचवायचे असतील, तर याच हाताने आणखी चाळीस फुल्या मोजायच्या, रोज सकाळी आधी हात मोजून. दुसरा कोणी मधे बसला तर हिशेब जुळणार नाही. आणि चाळीस झाल्या की खिळ्याने ती खोली सोडायची. त्याच्या जागी चिमटा धरणारं यंत्र येईल. त्याला बाहेर, नमुन्यांच्या कपाटांपाशी काम मिळेल. तिथे खिडकी आहे, असं साहेब म्हणाले, जणू ते बक्षीस होतं.

खिळ्याने ऐकून घेतलं. दोन वर्षं ज्या खुर्चीतून उठवतील म्हणून तो जीव मुठीत धरून होता, तिथून आता त्याला उठायचं होतं, पण आधी बसायचं होतं. चाळीस फुल्या यंत्रावर चढायच्या म्हणजे हातात आणखी पाऊणशे तरी तुटायच्या. त्या प्रत्येकीच्या वेळी पडद्यावर ती रेघ, आणि शेजारी कोणीतरी बघणारं.

शुक्रवारी सकाळी नव्या वहीत मॅडमनी एक जास्तीचा रकाना आखून दिला. दोन दारं मागे मिटली. पंखा तेवढाच घुमत होता, हवा तेवढीच ओली. खिळ्याने डोळे मिटून नाव घेतलं आणि चिमटा उचलला. पहिली फुली उचलतानाच तुटली. सवयीने त्याने पुढची चकती ओढली, मग थांबला. पेन घेतलं. वेडंवाकडं अक्षर काढत लिहिलं: नंबर एक. हातात तुटली.

त्या दिवशी अकरा तुटल्या, पाच टिकल्या. सोळा नंबर झाले.

संध्याकाळी बायकोने कप आणून ठेवले. मग केटली घेऊन तशीच उभी राहिली, त्याच्या तोंडाकडे बघत. आता सगळ्यांना कळलंय तर भरून ओतू का, असं तिने विचारलं नाही, पण केटलीची चोच कपावर वाकलेली होती.

"राहू दे," तो म्हणाला. "दोनदा मिळतो."

वडील खिडकीशी होते. एक हात खिशात होता, एक बाहेर.